लोमेतली तीन नंबरची खोली

'नुसतं यायचं' म्हणजे नेमकं काय करायचं, हे शशिकांतराव भडकमकरांना वयाच्या बासष्टाव्या वर्षीही ठाऊक नव्हतं. तसं त्यांना आजवर कुणी बोलावलंच नव्हतं. एकोणतीस वर्षं स्टुटगार्टात राहून भडकमकरांनी जेवढे प्रवास केले, त्या प्रत्येकाची एक प्लॅस्टिकची फाइल त्यांच्या कपाटात वर्षवार उभी होती. फाइलमध्ये आधी मूळ योजना, तिच्यामागे 'राखीव व्यवस्था', आणि राखीव व्यवस्थाही कोसळलीच तर काय, यासाठी तिसरा कागद. व्हेनिसला गेले तेव्हा तिथल्या सार्वजनिक स्वच्छतागृहांच्या उघडण्याच्या वेळा त्यांच्या फाइलमध्ये होत्या, आणि ऐन वेळी त्याच कामी आल्या. हा किस्सा ते अजून सांगतात आणि नीताताई अजून ऐकतात. संसार म्हणतात तो यालाच.

तर अशा माणसाला जानेवारीतल्या एका रविवारी मुलीचा फोन आला. मुक्ता, वय सत्तावीस. बापासारखीच पंपांची इंजिनिअर. दोन वर्षांपूर्वी पश्चिम आफ्रिकेत, टोगो देशातल्या लोमे शहरात पाण्याच्या एका प्रकल्पावर गेली ती तिथेच रमली. शहराच्या टोकाला एका वस्तीत नळाचं पाणी पोचवायचं होतं. त्या पंपघराचं ड्रॉइंग तिचं, उभारणी तिची, आणि अठरा एप्रिलला बटण दाबून ते चालू व्हायचं होतं. आईबाबांनी यावं, असं तिचं म्हणणं. मुक्ता जर्मनीत वाढलेली. घरात मराठी कानावर घ्यायची आणि जर्मन तोंडाने द्यायची, हा तिचा लहानपणापासूनचा शिरस्ता. त्यामुळे ती बोलली ते जर्मनमध्येच. मराठीत ते असं होतं: "बाबा, हॉटेल मी बघते, व्हिसा मी बघते, सगळं मी बघते. तू नुसता ये."

शशिकांतरावांनी हॉटेलचं नाव विचारलं. ती म्हणाली, सांगणार नाही. सांगितलं तर तू त्यांना फोन करत बसशील. गेनाऊ, म्हणजे 'अगदी तेच', असं पलीकडून आणखी ठासून म्हणाली. साधंच आहे, स्वच्छ आहे, एवढं कळलं तरी पुष्कळ झालं.

शशिकांतरावांच्या तोंडात मारल्यासारखं झालं. आता वाचकाला वाटेल, यात एवढं लागण्यासारखं काय आहे. पण वेळ वाईट होती. तीनच आठवड्यांपूर्वी कंपनीने त्यांना सन्मानाने घरी बसवलं होतं. निरोपाच्या दिवशी एक पाठपिशवी भेट दिली आणि त्यांचे पंप चौतीस वर्षांच्या एका तरुणाच्या हवाली केले. ते त्यांनी सोसलं. कंपनी ती कंपनी, तिचं आपलं रक्ताचं नातं नव्हतं. पण जिला नवव्या वर्षी मांडीवर घेऊन रेल्वेचं वेळापत्रक वाचायला शिकवलं, तिनेही 'नुसता ये' म्हणावं? म्हणजे इथूनही आपण निवृत्त झालो म्हणायचं. त्या दिवशी दुपारची झोप म्हणून त्यांना आली नाही.

चहाच्या वेळेपर्यंत मात्र त्यांचं ठरलं. मुक्ताची ती मूळ योजना, आणि तिला एक राखीव व्यवस्था हवीच. ती आपण करायची. मुक्ताला कळू द्यायचं नाही. नीताताईंपासून लपवण्याचा प्रश्न नव्हता, कारण प्रिंटर त्यांच्या शिवणाच्या टेबलावर होता. सत्तावीस हॉटेलांची यादी तिथून सरकत बाहेर आली तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "अहो, पोरीने एकदा सांगितलंय ना, मग बसा की गप." त्यावर शशिकांतरावांनी कागद बदलला.

पंचतारांकित हॉटेलं पहिल्याच फेरीत बाद झाली. ज्या हॉटेलच्या खिडक्या उघडत नाहीत तिथे माणसाने उतरू नये, हे त्यांचं मत जर्मनीत येण्याआधी होतं आणि इथे आल्यावर त्याला अख्ख्या देशाचा पाठिंबा मिळाला होता. समुद्राच्या फार जवळची गेली, कारण दमट. नाचगाण्याच्या क्लबाशेजारची गेली. ज्यांच्या स्वयंपाकघराचा फोटो नव्हता ती संशयाचा फायदा न देता गेली. असं करता करता अकराव्या दिवशी एकच उरलं. बारा खोल्यांचं, पुढे व्हरांडा, मागे पाण्याची स्वतंत्र टाकी, आणि काउंटरवर मालकीणबाई जातीने बसतात. नाव 'हॉटेल मामान अकुव्ही'. अकुव्ही हे मालकीणबाईंच्या आईचं नाव. आईच्या नावाने धंदा करणारी बाई फसवणार नाही, हा तक्त्यात कुठेही न बसणारा मुद्दा शशिकांतरावांनी समासात लिहून ठेवला.

पण पत्र लिहायचं तर फ्रेंचमध्ये. यंत्राकडून भाषांतर करून घेणं त्यांना पसंत नव्हतं. पंपाच्या एका माहितीपत्रकाचं तसं भाषांतर झालं होतं आणि त्यात पंपाला भूक लागली होती. तेव्हा त्यांनी खालच्या मजल्यावरच्या फ्राउ हेबर्लेंची बेल वाजवली. फ्राउ हेबर्लेंनी छत्तीस वर्षं शाळेत फ्रेंच शिकवलेलं. वय चौऱ्याहत्तर, कणा अठराव्या वर्षाचा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि आपला भाव सांगितला. एका पत्राला एक केअरवोखं.

केअरवोखं म्हणजे काय, तर स्टुटगार्टकडच्या इमारतींमध्ये जिने, अंगण, रस्त्याकडेची पायवाट झाडण्या-पुसण्याची आठवड्याची पाळी. ज्याची पाळी त्याच्या दारावर तशी पाटी लटकते आणि ती पाटी लटकलेली असताना जो जिना पुसत नाही त्याच्याकडे इमारत ज्या नजरेने बघते, ती नजर सहन करण्यापेक्षा जिना पुसलेला बरा. केर काढण्याच्या आठवड्याला केअरवोखं म्हणतात यात मराठीचा काही हात नाही, हे शशिकांतराव पुण्याहून आलेल्या प्रत्येक पाहुण्याला आवर्जून सांगत. पण हात कुणाचाही असो, गुडघे मात्र आता शशिकांतरावांचे लागणार होते. ते कबूल झाले.

पहिल्या पत्रात एक्केचाळीस प्रश्न होते. चौथा, खोलीला दोन बाजूंनी खिडक्या आहेत का, वारा आरपार जातो का. सातवा, न्हाणीघरात बादली आणि पाणी घ्यायला तांब्याएवढं भांडं मिळेल का. फ्राउ हेबर्लेंनी इथे लेखणी थांबवून शॉवर असताना बादली कशाला, असं विचारलं. शशिकांतरावांनी आंघोळ झाल्यासारखी वाटणं आणि आंघोळ होणं यांतला फरक पाऊण तास समजावून दिला. बारावा, जनरेटर उशापासून किती मीटरवर आहे. एकोणिसावा, पलंगाचं डोकं उत्तरेकडे तर नाही ना, असल्यास पलंग फिरवता येईल का. आणि अडतिसावा, खास जर्मन वळणाचा: पाहुण्यांची नावं आणि माहिती तुम्ही तिसऱ्या व्यक्तीला सांगत नाही ना? हा अडतिसावा प्रश्न विचारल्याबद्दल पुढे त्यांनी स्वतःला फार बोल लावला, पण ते पुढे.

मालकीणबाईंचं नाव मादाम अफी. त्यांचं उत्तर चार दिवसांत आलं, एक्केचाळीसच्या एक्केचाळीस उत्तरांसकट. शशिकांतराव गहिवरले. एवढ्या वर्षांत कंपनीतल्या कुणीही त्यांच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली नव्हती. बादली होती. वारा आरपार होता. जनरेटर बावीस मीटरवर. नावं आम्ही कुणालाही सांगत नाही, निर्धास्त असा. फक्त शेवटी दोन ओळी होत्या. तुम्हाला हवी तशी खोली एकच, तळमजल्यावरची तीन नंबरची. पण त्या तारखांना ती दिली गेली आहे. आणि पलंगाचं म्हणाल, तर तो गेल्याच आठवड्यात फिरवला, कारण त्या पाहुण्यांनीही हेच विचारलं होतं.

शशिकांतरावांनी ती ओळ तीनदा वाचली.

आता विचार करा. पलंगाचं डोकं उत्तरेला नको, हे जगात कोण विचारील? जर्मन माणूस गादी किती कडक ते विचारील. फ्रेंच माणूस नाश्त्याचं विचारील. उत्तरेकडे डोकं करून झोपायचं नाही, हे आपल्याकडे पाळण्यातल्या पोरालासुद्धा माहीत असतं, पण लोमेच्या हॉटेलला ते पत्राने विचारणारा माणूस आपल्यातलाच पाहिजे. शशिकांतरावांनी दुसरं पत्र लिहिलं, म्हणजे दुसरं केअरवोखं डोक्यावर घेतलं, आणि मोघमपणे विचारलं की त्या पाहुण्यांनी बादलीचीही चौकशी केली होती का. उत्तर आलं, हो, सगळ्यात आधी. एकूण बावन्न प्रश्न होते. पत्ताही तुमच्याच शहराचा आहे.

इथे पाणी कुठे मुरतंय ते शशिकांतरावांना लख्ख दिसलं. स्टुटगार्टच्या मराठी मंडळात फिरस्ते म्हणवणारे दोन. एक ते स्वतः, दुसरे भास्करराव सबनीस. सबनीसांच्या दिवाणखान्यात जगाचा नकाशा होता आणि त्यात त्रेचाळीस देशांवर टाचण्या टोचलेल्या. पश्चिम आफ्रिका कोरी होती. आणि संक्रांतीच्या तिळगुळाला याच भास्कररावांनी अगदी गोड बोलून शशिकांतरावांची प्रश्नांची कच्ची यादी मागून घेतली होती, 'जरा वाचायला' म्हणून. तिळगूळ घेऊन गोड बोलायचं ते यासाठी.

नीताताई म्हणाल्या, भास्कररावांना लोमेत काय करायचंय? शशिकांतराव म्हणाले, टाचणी. हा खुलासा त्यांना पुरेसा वाटला.

त्या दिवसापासून राखीव व्यवस्था बाजूला पडली आणि लढाई सुरू झाली. लोमेत आणखी सव्वीस हॉटेलं होती, तिथेच आणखी अकरा खोल्या होत्या. पण आता तीन नंबर म्हणजे तीन नंबर. तिसऱ्या पत्रात त्यांनी दुसऱ्या पाहुण्यांना खोली बदलायची विनंती करावी, असं सुचवलं. चौथ्यात आपल्या गुडघ्याचा उल्लेख केला. हा गुडघा खोटा नव्हता. फेब्रुवारीत बर्फ पडला, पायवाटेवर खडी टाकायची, मग बर्फ वितळला की तीच खडी झाडून भरायची, वर चार मजल्यांचा जिना. चार पत्रांच्या पाळ्या करता करता उजवा गुडघा खरोखरच सुजला. पत्र लिहावं तर गुडघा दुखतो, आणि गुडघा दुखतो म्हणून तळमजल्याची खोली हवी आणि त्यासाठी पुन्हा पत्र लिहावं. डॉक्टरांचा दाखला पाचव्या पत्राला जोडला.

डॉक्टरांकडे तरी सरळ काम व्हावं की नाही? टोगोत जायला पीतज्वराची लस लागते. साठीच्या पुढच्या माणसाला ती द्यावी की नाही याचा विचार लस देणाऱ्या डॉक्टरीणबाई करणार, त्यासाठी नेहमीच्या डॉक्टरांची चिठ्ठी लागणार, आणि चिठ्ठीसाठी भरायच्या कागदात मुक्कामाचा पत्ता लागणार. शशिकांतरावांनी प्रामाणिकपणे लिहिलं, 'अद्याप वादग्रस्त'. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, त्या भागात काही संघर्ष चालू आहे का. शशिकांतराव म्हणाले, हो, पण तो फक्त तीन नंबरच्या खोलीपुरता आहे. कागद परत आला.

आणखी एक प्रकार झाला, तो न सांगता पुढे जाणं शशिकांतरावांना आवडलं असतं. मंडळातला कपिल म्हणून एक आयटीतला मुलगा त्यांच्या गल्लीत घर बघायला आला असताना त्याने शशिकांतरावांना बादली-फडका घेऊन जिन्यावर ओणवं झालेलं पाहिलं. पुढच्या महिन्यात दुसऱ्या कामाला आला, पुन्हा तेच दृश्य. मुलगा भला होता, तो कुणाला वाईट बोलला नाही. तो फक्त हळहळला. पण हळहळ फार वेगाने पसरते. दोन दिवसांत मंडळाच्या अध्यक्षांचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून ते म्हणाले, निवृत्तीनंतर हात जरा आखडतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही, मंडळाकडे एक निधी आहे. शशिकांतरावांनी फोन ठेवला आणि नीताताईंना विचारलं, आपण काय इतके दीनवाणे दिसतो? नीताताई म्हणाल्या, "ओणवे असताना दिसता."

सहावं पत्र फ्राउ हेबर्लेंनी लिहायला नकार दिला. त्या म्हणाल्या, असली भाषा मी वर्गातल्या पोरांनाही कधी शिकवली नाही, परक्या बाईला लिहिणार नाही. मग त्यांनी ती भाषा गाळून एकच ओळ लिहिली, की निदान त्या पाहुण्यांचं नाव तरी कळवावं. मादाम अफींचं उत्तर छोटं होतं. महाशय, आपला प्रश्न क्रमांक अडतीस पाहावा.

गुढीपाडवा आला. मंडळाचा पाडवा चर्चच्या भाड्याच्या हॉलमध्ये असतो. हॉलबाहेर गुढी, आत श्रीखंड-पुरी, आणि पुरीच्या रांगेत शशिकांतरावांच्या बरोब्बर पुढे भास्करराव सबनीस. शशिकांतरावांनी ठरवलं होतं की आज सणाचा दिवस, काही बोलायचं नाही. पण भास्कररावच वळले आणि हसून म्हणाले, काय, आफ्रिकेची तयारी कुठवर? झालं. शशिकांतरावांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"तुमची झाली ना? पलंगाचं डोकं कुठे केलंत, पूर्वेला की दक्षिणेला?"

भास्कररावांना काही कळेना. ते म्हणाले, पूर्वेला, पण गेली वीस वर्षं ते तिथेच आहे.

"लोमेतला पलंग म्हणतोय मी. भास्करराव, माझी यादी तुम्ही नेलीत, तिच्यात अकरा प्रश्न घातलेत, माझ्या आधी खोली पटकावलीत. तुमच्या टाचणीसाठी. तिथे माझी मुलगी पंप चालू करणार आहे हो, माझी मुलगी. मला त्या दिवशी नीट उभं राहता आलं पाहिजे. तीन नंबर सोडा."

रांग थांबली. वाढणाऱ्या बाईंच्या हातातला श्रीखंडाचा डाव तसाच राहिला. भास्कररावांच्या पत्नी अरुंधतीबाई पुढे आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "शशिकांतराव, हे कुठेच जात नाहीत. डिसेंबरपासून डॉक्टरांनी विमान बंद केलंय. कुणाला सांगायचं नाही म्हणून बसलेत."

भास्कररावांनी त्यांना डोळ्यांनी दटावलं, पण तोवर उशीर झाला होता. मग तेच म्हणाले, "तुमची यादी मी घरी नेऊन दोनदा वाचली. बादली, जनरेटर, व्हरांडा, सगळं. वाचून झाल्यावर वाटलं, एक फेरी झाली आपली."

शशिकांतरावांनी त्या दिवशी श्रीखंड खाल्लं नाही. हात दाखवून अवलक्षण करून घेणं म्हणजे काय, हे त्यांना आता कुणी शिकवायची गरज नव्हती. रात्री जेवताना ते आपणहून म्हणाले, "नीता, माझं चुकलं. पोरीने मला बाजूला काढलं, तो राग मी त्या भल्या माणसावर काढला." आणि फाइल कपाटात ठेवून दिली. हॉटेल जे असेल ते असो. उत्तरेकडे डोकं करून झोपावं लागलं तरी झोपू. भास्कररावांकडे जाऊन माफी मागायची, एवढंच आता यादीत उरलं होतं, पण पाय उचलेना.

पुढच्या रविवारी सकाळी फ्राउ हेबर्ले स्वतः वर आल्या. हातात टॅब्लेट. मादाम अफींना तुमच्याशी समोरासमोर बोलायचंय, म्हणाल्या. भाषांतर मी करते, याचं केअरवोखं नको. शशिकांतराव शर्ट बदलून आले. पडद्यावर निळ्या छापील कपड्यातल्या, भरल्या अंगाच्या एक बाई व्हरांड्यात खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्यांनी आधी गुडघ्याची चौकशी केली. मग म्हणाल्या, महाशय, तुमची पत्रं वाचून माझा जीव अर्धा झाला. एकीकडे शब्द दिलेला, दुसरीकडे तुमचा गुडघा. काल तीन नंबरवालं गिऱ्हाईक खोली बघायला आलं, तेव्हा मी ठरवलं, नाव सांगायचं नाही पण विनंती करून बघायची. म्हटलं, एक म्हातारे गृहस्थ आहेत, त्यांना हीच खोली हवी आहे, त्यांनी एक्केचाळीस प्रश्न पाठवलेत. तर तिने मला विचारलं, सातवा प्रश्न बादलीचा आहे का?

म्हातारे गृहस्थ हे फ्राउ हेबर्लेंनी गाळायला हवं होतं, असं शशिकांतरावांच्या मनात आलं. पण ते मनातच राहिलं, कारण मादाम अफी खुर्चीवरून उठल्या आणि त्यांच्या जागी मुक्ता येऊन बसली.

शशिकांतरावांच्या डोक्यात हळूहळू सगळं जागच्या जागी बसलं. पत्ता स्टुटगार्टचा होता, कारण पाहुणे स्टुटगार्टचे होते, आणि खोली प्रकल्पाच्या नावावर घेतलेली असल्यामुळे आडनाव जुळतंय हे मादाम अफींच्याही ध्यानात आलं नव्हतं. खोली त्यांच्याचसाठी होती. अडीच महिने, सहा पत्रं, सहा केअरवोखं आणि एक गुडघा खर्चून त्यांनी तीन नंबरच्या खोलीतून स्वतःलाच बाहेर काढायचा प्रयत्न केला होता.

मुक्ता हसत होती, पण तिचे डोळे ओले होते. शशिकांतरावांनी आधी सावरून घ्यायचा प्रयत्न केला. राखीव व्यवस्था होती, असं काहीतरी पुटपुटले. मग राहवलं नाही म्हणून विचारलं, शहरात एवढी हॉटेलं असताना तुला नेमकं हेच कसं सापडलं? ती म्हणाली, सत्तावीस होती, मी यादी केली. ज्यांच्या खिडक्या उघडत नाहीत ती आधी काढून टाकली.

नीताताई मागे उभ्या होत्या. त्यांनी पदराने नाक पुसलं.

"बावन्न प्रश्न?" शशिकांतराव म्हणाले. "माझे एक्केचाळीस. माझ्याकडून अकरा कोणते राहिले?" हे मात्र त्यांनी अगदी कामाच्या आवाजात विचारलं, कारण यादी अपुरी राहिली हे त्यांना खरंच लागलं होतं.

मुक्ताने मांडीवरचा कागद उचलला. फ्रेंचमध्ये होता. ती जर्मनमध्ये सांगू लागली, मग थांबली, आणि मराठीत आली. तिची मराठी अडखळत येते, पण ती अडखळत अडखळत वाचत राहिली.

"त्याला सकाळी पाचला चहा लागतो. तेव्हा स्वयंपाकघरात कोण असतं? त्याला काही हवं असलं तर तो मागणार नाही. त्याला कुणी येऊन विचारेल का? तो म्हणेल, बॅग मी उचलतो. त्याला उचलू देऊ नका. तो पंप बघेल तेव्हा खूप प्रश्न विचारेल. फ्रेंच-जर्मन येणारा माणूस मिळेल का, जो त्याचे प्रश्न संपेपर्यंत थांबेल?" तिने मान वर केली. "बाबा, तो माणूस मिळाला नाही. एवढा वेळ थांबायला कुणी तयार नाही. मग मी ठरवलं, बटण दुसरं कोणीतरी दाबेल, मी तुझ्याबरोबर थांबते."

शशिकांतराव म्हणाले, "खुळी आहेस का? बटण तूच दाबायचं. माझे प्रश्न आदल्या दिवशी संपवू." आणि मग नाक शिंकरायला म्हणून आत गेले ते बराच वेळ आले नाहीत. फ्राउ हेबर्लेंनी यातलं एकही अक्षर न समजता डोळे पुसले. आल्झो, म्हणजे 'बरं तर', म्हणाल्या, आणि टॅब्लेट नीताताईंच्या हातात देऊन खाली गेल्या.

त्याच दुपारी शशिकांतराव लंगडत एस-बान, म्हणजे तिथली लोकल, पकडून सबनीसांकडे गेले. वाटेत त्यांनी माफीची तीन वाक्यं तयार केली होती. अरुंधतीबाईंनी दार उघडलं, भास्करराव नकाशाखालच्या खुर्चीत पेपर वाचत होते. शशिकांतरावांनी पहिलं वाक्य म्हटलं, भास्कररावांनी हात हलवून उरलेली दोन नकोत असं सांगितलं, आणि बसा म्हणाले. चहा आला. मग शशिकांतरावांनी सगळी हकिगत सांगितली, आपल्या फजितीचा एकही तुकडा न गाळता. उलट बावन्न हा आकडा त्यांनी चारदा सांगितला. भास्करराव इतके हसले की अरुंधतीबाईंनी कपबशी काढून घेतली.

हसू ओसरल्यावर त्यांच्यातला फिरस्ता जागा झाला. त्यांनी पुढे सरकून बारकाईने विचारायला सुरुवात केली. विमान कुठून, थांबा कुठे?

"कल्पना नाही," शशिकांतराव म्हणाले. "मुक्ता बघतेय."

उतरल्यावर गावात कसे जाणार?

"मुक्ता बघतेय."

पैसे कुठले न्यायचे, पाणी कुठलं प्यायचं, कार्यक्रमाला कोट लागणार का, तिथून पुढे कुठे जाणार, परत कधी येणार, हे सगळं भास्कररावांनी विचारलं. शशिकांतरावांना एकाही प्रश्नाचं उत्तर ठाऊक नव्हतं. गेल्या एकोणतीस वर्षांत प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तोंडपाठ असताना त्यांची छाती कधी एवढी फुगली नव्हती. प्रत्येक वेळी ते जरा अधिक रेलून बसत होते आणि जरा अधिक मोठ्याने सांगत होते, "मला काय माहीत? माझी मुलगी बघतेय."